क्लास शोधण्याआधी वही उघडा

दहावीचा निकाल लागला की रोहा-पेण पट्ट्यात पेढ्यांच्या पाठोपाठ एकच प्रश्न घरोघरी फिरतो : "मग, क्लास कुठला लावला?" मार्क किती, शाखा कुठली, मुलाला काय आवडतं, हे सगळं नंतर. निडीसारख्या गावात हा प्रश्न जरा जास्तच जड होतो, कारण त्याचं उत्तर गावात मिळत नाही. नागोठणे आणि रोहा यांच्या मधलं हे छोटं स्टेशन; पॅसेंजर थांबते, लांब पल्ल्याच्या गाड्या शिट्टी मारून पुढे जातात. नावाजलेले क्लास पनवेल-नवी मुंबईला. मग कुणाच्या तरी मामाच्या ओळखीने माहितीपत्रक येतं, हप्ते ठरतात आणि सोळा वर्षांचं पोर पहाटेच्या गाडीला लावलं जातं.

इथल्या मुलाला गणितात मदत हवी असेल तर ती घराजवळची, लहान आणि वेळेत सुरू झालेली हवी, असं माझं मत आहे. लांबची, मोठी आणि उशिरा घेतलेली मदत पैशाने महाग पडतेच, वेळेने त्याहून महाग पडते. आणि प्रवेश परीक्षेचं नियोजन म्हणजे आठवीपासून 'फाउंडेशन'ची फी भरणं नव्हे. नियोजन म्हणजे मुलाचं गणित कुठे कच्चं आहे ते आधी शोधणं आणि मग दोन वर्षांचं कॅलेंडर शेवटाकडून मागे मांडत येणं.

गणितावरच एवढा भर का, ते आधी सांगतो. राज्याच्या सीईटी सेलची एमएचटी-सीईटी इंजिनिअरिंगसाठी 200 गुणांची असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून 100 प्रश्न आणि 100 गुण. एकट्या गणिताचे प्रश्न 50, पण प्रत्येकाला दोन गुण, म्हणजे गणिताचेही 100. दोन्ही पेपरांना प्रत्येकी 90 मिनिटं. निम्मी परीक्षा एका विषयावर उभी आहे. तेव्हा घरच्या बजेटमध्ये एकाच विषयाची शिकवणी बसत असेल तर ती गणिताची लावा. बाकीचे दोन विषय कॉलेजमध्ये नीट बसून आणि पाठ्यपुस्तक दोनदा वाचून बऱ्यापैकी होतात. गणित वाचून होत नाही.

कच्चं नेमकं कुठे

बारावीच्या मुलाला इंटिग्रेशन जमत नाही म्हणून शिकवणी लावली जाते. त्याची वही उघडून बघा. इंटिग्रेशनचं सूत्र बरोबर लिहिलेलं असतं, पहिल्या तीन ओळी बरोबर असतात आणि चौथ्या ओळीत −(3 − क्ष) चं −3 − क्ष झालेलं असतं. किंवा (अ + ब)² लिहिताना मधलं 2अब गळालेलं असतं. हे आजार बारावीचे नाहीत, आठवी-नववीचे आहेत. सीईटीची बॅच सुरू होते ती फंक्शन्स आणि लिमिट्सपासून. तिथे सत्तर मुलांपुढे उभा असलेला शिक्षक कंस सोडवायला मागे येत नाही. येऊही शकत नाही.

म्हणून फीचा पहिला हप्ता भरण्याआधी एक रविवार काढा. कोरा कागद, अर्धा तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत. मुलाला एवढंच द्या : 2/3 मधून 3/4 वजा कर. (2क्ष − 5)² चा विस्तार कर. क्ष² = 5क्ष सोडव. (1, 2) आणि (3, 8) या बिंदूंमधून जाणाऱ्या रेषेचा चढ काढ. साइन 30 आणि कॉस 60 किती? उत्तरं अनुक्रमे अशी : उणे 1/12, 4क्ष² − 20क्ष + 25, 0 आणि 5, 3, दोन्ही 1/2. तुम्हाला स्वतःला बीजगणित आठवत नसेल तरी उत्तरं ताडून बघता येतील. तिसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या. बरीच मुलं दोन्ही बाजूंना क्षने भागून '5' एवढंच लिहितात, शून्य हरवून बसतात. ज्याने दोन्ही उत्तरं दिली त्याला समीकरण कळलंय. ज्याने एकच दिलं त्याला फक्त रीत पाठ आहे.

पाचही बरोबर आले तर मुलाला अकरावीत कदाचित शिकवणीची गरजच नाही, सराव करवून घेणारं कुणीतरी पुरेल. दोन-तीन चुकले तर गरज आहे, पण ती सीईटीच्या बॅचची नव्हे. अशा मुलाला दहावीची परीक्षा संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतचे अडीच-तीन महिने जवळच्या एखाद्या शिक्षकाकडे पाठवा आणि आठवी ते दहावीचं बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती पक्की करून घ्या. लग्नसराई, आंबे, गावची जत्रा हे सगळं सांभाळूनही रोज दीड तास निघतो. दोन वर्षांत यापेक्षा मोकळा वेळ पुन्हा मिळत नाही, आणि नेमका हाच वेळ 'निकाल लागू दे, मग बघू' म्हणून वाया जातो.

मराठी माध्यमातून आलेल्यांची एक अडचण वेगळी. सीईटीत भौतिक-रसायनचे प्रश्न मराठीतून घेता येतात, गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत असतो. उलट देशपातळीवरची जेईई मेन मराठीतूनही देता येते. गंमत वाटेल, पण आहे हे असं आहे. तेव्हा दहावीनंतरच्या सुट्टीतच वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने आखा : वर्गसमीकरण म्हणजे क्वाड्रॅटिक इक्वेशन, स्पर्शिका म्हणजे टँजंट, संभाव्यता म्हणजे प्रॉबॅबिलिटी, 'किमान' म्हणजे अॅट लीस्ट, 'जास्तीत जास्त' म्हणजे अॅट मोस्ट. शेवटचे दोन शब्द उलटे वाचून पूर्ण येत असलेलं गणित चुकवणारी हुशार मुलं असतात. शंभर-सव्वाशे शब्दांत हा प्रश्न मिटतो. त्यासाठी वेगळा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावायची गरज नाही.

शिकवणारा कसा ओळखायचा

आपल्याकडे गणित शिकवणारे तीन प्रकारचे लोक भेटतात. निवृत्त शिक्षक, ज्यांचं बीजगणित पक्कं असतं पण सीईटीचा नवा बाज माहीत असेलच असं नाही. नुकतेच इंजिनिअर झालेले दादा-ताई, ज्यांना परीक्षा ताजी आठवते पण ज्यांची नोकरी लागली की शिकवणी मध्येच थांबते. आणि धाटाव एमआयडीसीत किंवा नागोठण्याच्या कंपनीत नोकरी करून संध्याकाळी शिकवणारे, ज्यांच्या शिफ्ट बदलल्या की बॅचची वेळ बदलते. तिघांपैकी कुणीही उत्तम निघू शकतो. पदवीपेक्षा पुढच्या दोन गोष्टी बघा.

पहिली, त्यांच्याकडे आधीपासून येणाऱ्या एखाद्या मुलाची वही मागून घ्या. वहीत फळ्यावरून उतरवलेली सुबक, एकही खाडाखोड नसलेली उदाहरणं पानोपानी असतील तर ती वही शिक्षकाची आहे, मुलाची नव्हे. खाडाखोड असेल, शेजारी लाल पेनाने 'इथे चिन्ह चुकलं' असं लिहिलेलं असेल, तेच उदाहरण खाली पुन्हा सोडवलेलं असेल, तर तिथे मुलगा काम करतो आणि शिक्षक ते बघतो. तिथे पाठवा.

दुसरी, महिन्याभराने जाऊन विचारा : "सर, आमच्या पोराचं नेमकं अडतंय कुठे?" "अभ्यास कमी पडतो, जरा लक्ष द्या" असं उत्तर आलं, तर सरांनी पोराकडे पाहिलेलंच नाही. "सूत्रं सगळी येतात त्याला, पण उदाहरण बघून कुठलं लावायचं ते सुचत नाही, म्हणून मी त्याला नुसतं सूत्र ओळखायला लावतोय" असं उत्तर आलं, तर त्या माणसाची फी वसूल आहे. हा प्रश्न आईनेच विचारावा असं माझं मत. वडील बहुधा टक्केवारी विचारून परत येतात.

बॅच दहाच्या आत असावी. आठवड्याला तीन दिवस, दीड-दीड तास पुरेसे. शिकवणीत जेवढा वेळ जातो त्याच्या दुप्पट वेळ मुलाने एकट्याने कागद-पेन घेऊन बसलं पाहिजे. शिकवणीच रोज तीन तासांची असेल तर हा वेळ उरणार कुठून? मुलगी एकटी शिकवणीला जाणार असेल तर शिकवणीच्या घरात मोठं माणूस आहे ना, परतीची मिनिडोर कितीपर्यंत मिळते, हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्या. त्यात संकोच कसला?

शाळेतल्याच शिक्षकांनी 'माझ्याकडे शिकवणी लावा' असा आग्रह धरला तर एवढं माहीत असू द्या : 2009 चा शिक्षण हक्क कायदा पहिली ते आठवीच्या शिक्षणासाठी आहे आणि त्याचं कलम 28 शिक्षकांना खासगी शिकवणी करायला मनाई करतं.

आता लांबच्या क्लासचा हिशेब. निडीहून पनवेलला जाऊन-येऊन, स्टेशनवरचं थांबणं धरून, रोजचे चार तास धरा. सहा दिवसांचे 24 तास. सीईटीचा पूर्ण पेपर तीन तासांचा असतो. म्हणजे दर आठवड्याला आठ पूर्ण पेपर सोडवण्याइतका वेळ गाडीत जातो. 'गाडीत वाचतो ना' असं मुलं सांगतात. उभ्याने, गर्दीत, एका हाताने कडी धरून इंटिग्रेशन होत नाही. पावसाळ्यात कुंडलिका-अंबेला पूर आला, गाड्या रखडल्या, की ते दिवसही गेले.

याला अपवाद आहे. ज्याचं दहावीपर्यंतचं गणित लख्ख आहे, ज्याला अवघड उदाहरण मिळालं की जेवणाची आठवण राहत नाही आणि ज्याला खरोखरच आयआयटीच्या जेईई अॅडव्हान्स्डपर्यंत जायचंय, त्याला तोडीस तोड सोबती आणि कठीण प्रश्न लागतात. ते गावात मिळणं अवघड. अशा मुलाला पाठवा, पण राहायला पाठवा. रोह्यात प्रत्येक बक्षीस समारंभात चिंतामणराव देशमुखांचं नाव निघतं : 1912 साली मॅट्रिकला पहिले, 1918 साली लंडनच्या आयसीएस परीक्षेत पहिले, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. तेही मुंबईला आणि केंब्रिजला शिकले, पण रोज रोह्याहून जाऊन-येऊन नव्हे.

पैसे भरताना दोन गोष्टी. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या किंवा दहावीची परीक्षा न दिलेल्या मुलाला प्रवेश देऊ नये, गुणांची किंवा रँकची हमी देणारी जाहिरात करू नये आणि मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं त्यात आहे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली असल्यामुळे निव्वळ त्या कागदावर विसंबू नका. दोन वर्षांची फी एकरकमी भरू नका, प्रत्येक हप्त्याची पावती घ्या आणि फी परत मिळण्याची अट त्या पावतीवर लिहून मागा. लिहून द्यायला जो कांकूं करतो त्याच्याकडून पैसे परत मिळत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

'टाय-अप'च्या नावाखाली कॉलेज फक्त कागदावर आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये, असला प्रकार असेल तर त्यात पडू नका. पेणला, रोह्याला, नागोठण्याला विज्ञान शिकायची सोय आहे; तिथल्या प्रयोगशाळेत उभं राहिलेलं मूल भौतिक-रसायनमध्ये तरतं. शिवाय बारावीचे गुण लागतातच. राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी भौतिक, रसायन, गणित मिळून खुल्या वर्गाला किमान 45 टक्के आणि राखीव वर्गाला 40 टक्के हवेत. एनआयटीसाठी बारावीला 75 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 65.

दोन वर्षं, शेवटाकडून

एमएचटी-सीईटीचे साधारण 80 टक्के प्रश्न बारावीवर आणि 20 टक्के अकरावीवर असतात. अकरावीच्या गणितातले सगळे धडे लागत नाहीत. त्रिकोणमितीचा दुसरा भाग, सरळ रेषा, वर्तुळ, विचलनाची मापं, संभाव्यता, संमिश्र संख्या, क्रमचय-संचय, फंक्शन्स, लिमिट्स आणि कंटिन्युइटी एवढे लागतात. शांकव आणि श्रेढ्या या यादीत नाहीत. जेईई द्यायची असेल तर मात्र त्याही करायला हव्यात. ही यादी अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लावा. शिकवणीच्या सरांनाही दाखवा, कारण काही सर सवयीने पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करतात आणि मार्चमध्ये लिमिट्सला पोहोचतात.

लिमिट्स हा अकरावीचा शेवटचा आणि बारावीचा पहिला दरवाजा आहे. बारावीच्या दुसऱ्या भागात डिफरन्शिएशन, त्याचा वापर, इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन्स एकावर एक रचलेली आहेत. खालचा थर ढिला राहिला की वरचे सगळे डुगडुगतात. अकरावी 'आरामाचं वर्ष' म्हणून सोडलेल्या मुलाला हे बारावीच्या ऑगस्टमध्ये कळतं.

आता कॅलेंडर मागून मांडा. सीईटी एप्रिलच्या आसपास. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. त्याआधी जानेवारीत प्रिलिम, प्रॅक्टिकल, आणि जेईई देणाऱ्याला जेईई मेनचं पहिलं सत्र. म्हणजे बारावीचा अभ्यासक्रम एकदा पूर्ण व्हायला हवा तो दिवाळीपर्यंत. आपल्याकडे मध्ये गणपती येतात. पेण-हमरापूर भागात ज्यांच्या घरी मूर्तींचा कारखाना आहे त्यांची तर जूनपासून भाद्रपदापर्यंत हातातला ब्रश खाली ठेवायची सोय नसते. अशा घरांनी उगाच जुलैत रोज चार तासांचं वेळापत्रक आखू नये. तेवढे महिने रोज तासभर, तोही न चुकता, आणि विसर्जनानंतर भरपाई. बारावीच्या वर्षी पोराला रंगकामातून सुट्टी देता आली तर उत्तमच, पण जिथे ते शक्य नाही तिथे खोटं वेळापत्रक करण्यापेक्षा खरं केलेलं बरं.

अर्जांच्या तारखा मुलाच्या नव्हे, घरातल्या मोठ्या माणसाच्या मोबाइलमध्ये टाका. जेईई मेनच्या पहिल्या सत्राचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला, म्हणजे दिवाळीच्या गडबडीत निघतात आणि तिथेच राहून जातात. सीईटीचे साधारण डिसेंबर-जानेवारीपासून. 2026 पासून सीईटी दोनदा देण्याची सोय जाहीर झाली आहे, दोन्हींतला चांगला स्कोअर धरला जातो. त्या-त्या वर्षीची सूचना सीईटी सेलच्या संकेतस्थळावरूनच वाचायची, व्हॉट्सॲपवरून नव्हे. एनडीएचा विचार असेल तर ती वर्षातून दोनदा होते, तिच्यात 300 गुणांचं गणित आहे, अडीच तासांत 120 प्रश्न, आणि 2021 पासून मुलींनाही ती देता येते. बारावीचं गणित नीट करणाऱ्या मुलाला या गणितासाठी फार वेगळं काही करावं लागत नाही, वेग तेवढा वाढवावा लागतो.

बोर्ड आणि सीईटी हे दोन वेगळे अभ्यास आहेत असं क्लासवाले सांगतात. पूर्ण खरं नाही. एक उदाहरण घ्या. साइन क्ष भागिले (साइन क्ष + कॉस क्ष), याचं शून्यापासून पाय भागिले दोनपर्यंत इंटिग्रेशन. बोर्डात हे सात-आठ ओळींत लिहायचं : क्षच्या जागी पाय भागिले दोन उणे क्ष ठेवलं की साइनचं कॉस आणि कॉसचं साइन होतं, दोन्ही मिळवले की वरखाली सारखं होऊन 1 उरतो, म्हणून दुप्पट उत्तर पाय भागिले दोन आणि उत्तर पाय भागिले चार. सीईटीत हेच येतं, पण साइन आणि कॉसचा घन करून, किंवा टॅनचं वर्गमूळ घालून वेगळ्या रूपात. ज्याने आठ ओळी पाठ केल्या तो नव्याने सुरुवात करतो. ज्याला 'दोघांची जागा बदलली तरी बेरीज 1 च' हे दिसलं, तो दहा सेकंदांत पाय भागिले चारवर टिक करून पुढे जातो. गणिताच्या एका प्रश्नाला सरासरी 1 मिनिट 48 सेकंद असतात. इथे वाचलेलं दीड मिनिट पुढच्या अवघड प्रश्नाला मिळतं. आधी बोर्डाच्या पद्धतीने लिहून काढायचं, मग 'हे न लिहिता कसं दिसलं असतं?' असं विचारायचं. चांगला शिक्षक हा दुसरा प्रश्न रोज विचारतो. शॉर्टकटच्या झेरॉक्स वाटणारा विचारत नाही.

सीईटी 2019 पासून संगणकावर होते. गावातल्या मुलाचा हात मोबाइलवर सराईत असतो, माउसवर नसतो. स्क्रीनवरचा प्रश्न कच्च्या कागदावर उतरवताना चिन्ह आणि घात चुकतात. महिन्यातून दोनदा तरी एखाद्या संगणक केंद्रात तीन तास बसून पूर्ण पेपर द्या. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर सराव चाचणी असते. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, शेवटची दोन मिनिटं त्यासाठीच राखायची. जेईईत बरोबर उत्तराला 4 आणि चुकीला उणे 1, एनडीएत चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक-तृतीयांश वजा. तिन्ही परीक्षा देणाऱ्याला ही सवय डोक्यात वेगवेगळी ठेवावी लागते. आणि सीईटीचा निकाल गुणांत नव्हे, पर्सेंटाइलमध्ये येतो. 'पोराला 85 मिळाले' म्हणून पेढे वाटण्याआधी 85 काय मिळाले ते बघा.

सगळ्यांनी सीईटीच का?

ज्या मुलाला दहावीला यंत्राचं वेड आहे पण पुस्तकी गणित जेमतेम आहे, त्याच्यासाठी दहावीनंतरचा डिप्लोमा हा आपल्या भागातला रास्त रस्ता आहे. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. तीन वर्षांनी डिप्लोमाच्या गुणांवरच इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, मध्ये सीईटी नाही. धाटाव, नागोठणे, डोलवी, थळ असे कारखाने उंबऱ्याशी असताना केमिकल किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा कमीपणाचा मानणं मला तरी समजत नाही. फक्त एक : डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातही गणित आहे, तेव्हा गणितापासून पळण्यासाठी तिकडे जायचं असेल तर जाऊ नका.

अकरावीला 'गणित सोडून जीवशास्त्र घेतो' म्हणणाऱ्यांनीही थांबून विचार करावा. फार्मसी आणि कृषीसाठी ते चालतं, इंजिनिअरिंगचं दार मात्र बंद होतं. बीसीए, बीबीए, बीएमएससाठीही 2024 पासून वेगळी सीईटी आहे, कॉमर्सच्या मुलांना ती अजून पुरेशी ठाऊक नाही.

खर्चाचं म्हणाल तर सगळंच विकत घ्यावं लागत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत आणि सीईटीचं गणित त्याच अभ्यासक्रमावर असतं. केंद्राचा, आयआयटी कानपूरने उभा केलेला 'साथी' हा मंच मोफत आहे. आपल्याकडच्या आगरी, कुणबी, कोळी घरांनी 'महाज्योती'ची चौकशी जरूर करावी. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, नॉन-क्रिमीलेअर मुलांना ही संस्था जेईई, नीट आणि सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, सोबत टॅबही. अर्ज दहावीच्या निकालानंतर निघतात. टॅब आला म्हणून शिकवणी बंद करा असं मी म्हणणार नाही, पण टॅबवरचं व्याख्यान आणि गावातल्या सरांची तपासलेली वही हे दोन्ही मिळून पनवेलच्या बॅचला भारी पडतात.

घरापासून जवळचं ध्येयही डोळ्यांपुढे असू द्या. माणगाव तालुक्यात लोणेऱ्याला, मुंबई-गोवा महामार्गावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. 1989 च्या कायद्याने स्थापन झालेलं, आपल्याच जिल्ह्यातलं. सीईटीच्या गुणांवर तिथे बी.टेक.ला प्रवेश मिळतो. एकदा मुलाला ते आवार दाखवून आणा.

राहिली कागदपत्रं. चांगला पर्सेंटाइल हातात असताना कागदाअभावी जागा गेल्याचं दरवर्षी कानावर येतं. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे जायला हवा; त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधाव्या लागतात आणि त्यात महिने जातात. अधिवास दाखला एकदा काढला की झालं. नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला मात्र प्रवेशाच्या वर्षाचा चालू असावा लागतो. मुलींच्या आई-वडिलांसाठी एक महत्त्वाचं : राज्य सरकारच्या जुलै 2024 च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 'मुलीच्या इंजिनिअरिंगला एवढे पैसे कुठून आणायचे' म्हणून तिला अकरावीलाच गणित सोडायला लावू नका, आणि पडताळणीचा अर्ज दिला नसेल तर या महिन्यात द्या.